दोन अ‍ॅम्प, एक गिटार

गिटार वाजवणाऱ्याला एक वेड कधी ना कधी लागतंच. एका अ‍ॅम्पवर छान भागत असतं, तरी दुसरा आणायचा आणि दोन्ही एकदम लावायचे. मीही त्यातलाच. आज या दोन अ‍ॅम्पच्या मांडणीतलं कामाचं तेवढं सांगतो. शेवटचा मुद्दा मात्र थेट जिवाशी निगडित आहे, तो ऐकल्याशिवाय उठू नका.

पहिली गोष्ट. दोन अ‍ॅम्प लावले म्हणजे स्टिरिओ झाला, असं नाही. दोन्हीकडे अगदी तोच सिग्नल गेला, तर आवाज मधोमध एकाच जागेवरून आल्यासारखा वाटतो. आणि ताकद दुप्पट केली तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज काही दुप्पट मोठा वाटत नाही. स्टिरिओ तयार होतो तो दोन बाजूंमधल्या फरकातून. १९७५ साली आलेला रोलंडचा जॅझ कोरस जेसी-१२० आठवा. एकाच पेटीत ६० वॉटचे दोन अ‍ॅम्प आणि १२ इंची दोन स्पीकर. कोरस लावला की एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा. दोन्हींची भेट होते ती खोलीतल्या हवेत. म्हणून तो आवाज इतका रुंद वाटतो.

दुसरी गोष्ट, फेज. दोन वेगवेगळे अ‍ॅम्प एकत्र लावले आणि आवाज पातळ झाला, बास कुठे गेला कळेना, तर पहिला संशय याचाच घ्या. एका अ‍ॅम्पचा स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जात असतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. रिव्हर्ब असलेल्या जुन्या ब्लॅकफेस फेंडरमध्ये तर एकाच अ‍ॅम्पचे नॉर्मल आणि व्हायब्रॅटो हे चॅनल एकमेकांच्या उलट असतात. तपासायचं कसं? दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवा, सहावी तार मोकळी वाजवा आणि स्प्लिटर बॉक्सवरचा फेजचा खटका पालटून बघा. ज्या बाजूला आवाज भरदार, ती बाजू बरोबर. म्हणूनच बॉक्स घेतानाच त्यावर हा खटका आहे ना, ते बघून घ्या.

तिसरी गोष्ट, ऐकणारा कुठे बसलाय? हॉलच्या डाव्या टोकाला बसलेल्या काकूंना तुमचा उजवा अ‍ॅम्प जेमतेम ऐकू येणार. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कार्यक्रमांत साउंडवाला सगळं मोनोतच सोडतो. तुम्ही एका बाजूला १० मिलिसेकंदांचा डिले देऊन आवाज रुंद केला असेल, तर मोनोत ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात आणि गिटार डब्यातून आल्यासारखी वाटते. म्हणून मूळ आवाज दोन्हीकडे सारखा ठेवा. फरक करायचा तो लांब डिलेत आणि रिव्हर्बमध्ये. डावीकडे ३०० मिलिसेकंद, उजवीकडे ४५०. मोनो झालं तरी गाणं शाबूत राहतं.

आता चौथी गोष्ट, घरघर. दोन्ही अ‍ॅम्प अर्थिंगला जोडलेले असतात आणि गिटारच्या केबलच्या जाळीतूनही एकमेकांना जोडले जातात. असं कडं पूर्ण झालं की ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. मग कुणीतरी जाणकार पुढे येतो आणि सांगतो, 'एका प्लगची मोठी पिन काढून टाक, दुसऱ्याला आहे की अर्थ!' घरघर खरोखर थांबते. हे कधीही करू नका.

का, ते बघा. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. पिन काढलेल्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्ट आणि तुमची बोटं यांच्यामध्ये उरते ती फक्त दुसऱ्या अ‍ॅम्पकडे जाणारी केबलची बारीक जाळी. ती केबल निघाली की तेवढाही आधार गेला. मग तुम्ही गाण्यासाठी माइकला ओठ लावता. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला, स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी भर मंचावर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेले. अर्थिंग नीट नव्हतं.

घरघरीवर उपाय सिग्नलच्या बाजूने करायचा. ज्याच्या एका आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, असा स्प्लिटर घ्या. त्यातून आवाज जातो, पण तारेची थेट जोडणी राहत नाही, म्हणून कडं तुटतं. स्टिरिओ पेडल वापरत असाल, तर एका बाजूच्या केबलमध्ये तसाच ट्रान्सफॉर्मर टाका. दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावा. मंडपात किंवा जनरेटरवर वाजवायचं असेल, तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आहे का, ते विचारा. विचारायला लाजू नका.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे तुम्ही वाजवत असाल, आज घरी गेल्यावर आपल्या अ‍ॅम्पचे प्लग एकदा हातात घेऊन बघा. तिन्ही पिना जागेवर हव्यात. एखादी नसेल, तर नवा प्लग बसवेपर्यंत तो अ‍ॅम्प लावू नका.