पेटी आणि तिचा रंग

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे कायदा सांगतो. पण माणसाच्या मनाचे तेवढ्याने समाधान होत नाही. शेतकरी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवितो, पलटणीतला जवान आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव घालतो, मालमोटारीचा चालक तिच्या पाठीवर कमळे आणि मोर काढून घेतो. हजारो सारख्या वस्तूंमधून आपली वस्तू वेगळी ओळखता यावी, ही यामागील साधी इच्छा असते. अलीकडच्या काळात ही इच्छा घरातील संगणकाच्या पेटीपर्यंत येऊन पोहोचली आहे. सुटीच्या दिवशी पेटी उघडून तिचा पत्रा घासणारी, तिला रंग देणारी, तिच्यात नवे झरोके पाडणारी तरुण मंडळी आज गावोगावी आढळतात. वडीलधाऱ्यांना हा उद्योग पोरखेळ वाटतो. वस्तुतः त्यात एक जुनी विद्या दडलेली आहे. आणि ती विद्या जेथे शतकानुशतके नांदत आली, त्या तंजावरकडे पाहिले म्हणजे या उद्योगातील बरे आणि वाईट दोन्ही स्पष्ट दिसू लागते.

तंजावर मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते भोसले कुळाकडे राहिले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा इतिहास मराठीत आहे. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविणाऱ्या दुसऱ्या सरफोजींचे नाव तर महाराष्ट्रातही आदराने घेतले जाते. या राजांच्या आश्रयाने जी कारागिरी बहरली, तिचे तीन नमुने आजही घरोघरी दिसतात: सोन्याच्या वर्खाची तंजावरी चित्रे, पितळेवर चांदी आणि तांबे मढवून केलेली तंजावरी ताटे आणि फणसाच्या लाकडाची तंजावरी वीणा. एक फळी, एक धातूचा पत्रा आणि एक पोकळ पेटी. संगणकाची पेटी रंगविणाऱ्याला ज्या तीन गोष्टींशी झगडावे लागते, त्या याच होत.

आता त्या पेटीचा थोडा इतिहास पाहू. १९८१ साली आयबीएम कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची पेटी फिकट बदामी होती. आणि पुढे पंधरावीस वर्षे कचेऱ्यांतील बहुतेक संगणक त्याच निर्जीव रंगाचे राहिले. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने पेटीच्या आतील मांडणीचे एटीएक्स नावाचे प्रमाण ठरवून दिले. मदरबोर्ड कोठे बसावा, स्क्रूची भोके कोठे असावीत, वीजपुरवठ्याचा डबा केवढा असावा, हे सारे त्यामुळे निश्चित झाले. एका कंपनीची पेटी आणि दुसऱ्या कंपनीचे यंत्र असा संसार सुखाने चालू लागला, आणि पेटी ही यंत्रापासून निराळी, स्वतंत्र वस्तू ठरली. १९९८ साली ॲपल कंपनीने निळसर पारदर्शक आवरणाचा संगणक काढला, तेव्हा या यंत्रालाही रंग शोभतो हे जगाच्या लक्षात आले. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांतील हौशी तरुण आपल्या पेट्या घरीच कापू आणि रंगवू लागले होते.

रंगकाम म्हटले की डोळ्यांसमोर वरचा रंग येतो. तंजावरच्या चित्रकाराला विचारले तर तो रंगाची गोष्ट सर्वांत शेवटी काढील. या चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम्’, म्हणजे फळीवरचे चित्र म्हणतात, आणि कामाची खरी सुरुवात फळीपासूनच होते. फळीवर कापड डकवावयाचे, त्यावर खडूची पूड आणि चिंचोक्यांची खळ किंवा डिंक यांचा लेप द्यावयाचा, तो वाळू द्यावयाचा, पुन्हा लेप द्यावयाचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठभाग आरशासारखा सपाट करावयाचा. त्यानंतर रेखाटन, मग खडूच्या लेपाने उठाव, मग काचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख, रंग त्यानंतर. कृष्णाच्या गालावरची कांती पाहणाऱ्याला जी दिसतच नाही, त्या जमिनीवर कारागिराचे अनेक दिवस खर्ची पडलेले असतात.

पत्र्याच्या पेटीचाही हाच न्याय आहे. आतील सर्व यंत्रसामग्री काढून घेतल्यावर प्रथम पत्र्यावरचे तेल आणि हातांचा ओशटपणा पुसून काढावा लागतो. मग पॉलिशपेपरने घासावयाचे: आधी जाड, नंतर बारीक. घासण्याचा हेतू जुना रंग समूळ उपटण्याचा नसतो. गुळगुळीत पृष्ठभागाला किंचित खरखरीत करावयाचे असते, कारण गुळगुळीतपणावर रंग धरत नाही. खळगा असेल तेथे लांबी भरून घासावी. त्यावर अस्तर, म्हणजे प्रायमर. संगणकाच्या पेटीचा पोलादी पत्रा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. तो उघडा पडला असेल किंवा पेटी ॲल्युमिनियमची असेल, तर अशा धातूंसाठीच केलेले अस्तर वापरावे, नाहीतर काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. डब्यातून फवारावयाचा रंग वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पातळ पातळ हातांनी द्यावा. एका जाड हातात काम उरकू पाहणाऱ्याच्या पदरी ओघळ येतात, आणि ओघळ पुन्हा घासून काढण्यात वाचविलेल्या वेळाच्या कितीतरी पट वेळ जातो. शेवटी व्हार्निशचा पारदर्शक थर. बोटाला रंग लागत नाही म्हणजे तो वाळला, हा समज फसवा आहे. तो आतून घट्ट होण्यास कित्येक दिवस लागतात, आणि त्याआधी पेटी जोडली तर प्रत्येक स्क्रूखाली रंग सोलून निघतो.

येथे हवामानाचाही विचार करावा लागतो. तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे आणि तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो. अशा दमट हवेत लवकर उडून जाणाऱ्या द्रावणाचे व्हार्निश फवारले, तर द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि काळ्या रंगावर दुधाळ झाक चढते. कोकणातल्या आषाढ-श्रावणातही हाच अनुभव येईल. रंगाचा मुहूर्त म्हणून कोरड्या दिवसाचा, ऊन फार न तापलेल्या सकाळचा आणि उघड्या हवेचा असावा. बंद खोलीत फवारा मारणे सर्वथा वर्ज्य. त्याची वाफ छातीला अपायकारक आणि ज्वालाग्राही असते. साधा रुमाल तिला अडवीत नाही, त्यासाठी द्रावणाची वाफ शोषणारा मुखवटा लागतो. कठीणकारक मिसळून वापरावयाची दुहेरी व्हार्निशे तर घरी फवारूच नयेत. ती कार्यशाळेतील तज्ज्ञांकडे सोपवावीत.

येथवर झाले ते पृष्ठभागाचे. पण पेटी ही नुसती फळी नव्हे. तिच्या पोकळीला काम असते. हा मुद्दा तंजावरची वीणा जितका नीट समजावून देते तितका दुसरे काही देत नाही. फणसाच्या लाकडाचा ओंडका आतून कोरून तिचा घट करतात. घट, दांडी आणि टोकाचे व्याळमुख ही सारी एकाच ओंडक्यातून काढली तर तिला एकांड वीणा म्हणतात. पूर्वी तिच्यावर हस्तिदंताची नक्षी बसवीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनंतर हस्तिदंत गेले, आणि त्याच्या जागी इतर पदार्थ आले. पण हस्तिदंत असो वा दुसरे काही, अलंकाराचा भर राहतो तो घटाच्या कडेवर, दांडीच्या काठांवर आणि व्याळाच्या मुखावर. ज्या तबकडीवर घोडी बसते आणि जी तारांबरोबर थरथरते, तिच्यावर कारागीर ओझे लादत नाही. तेथे बारीक छिद्रांची वर्तुळे असली तर असतात. अलंकार कोठे करावा यापेक्षा कोठे करू नये हे ज्याला समजले, तो खरा वीणाकार.

संगणकाच्या पेटीतही अशा न झाकावयाच्या जागा आहेत. पहिली, वाऱ्याची वाट. थंड हवा पुढून आत यावी आणि तापलेली हवा मागून व वरून बाहेर पडावी, अशी पेटीची रचना असते. तंजावर काय किंवा नागपूर काय, उन्हाळ्यात खोलीतील हवाच मुळी तापलेली असते. तेथे पुढच्या जाळीवर रंगाचे थर चढवून छिद्रे बुजविली किंवा शोभेची काच बसवून ती झाकली, तर यंत्र गुदमरते, आपला वेग कमी करते आणि अखेरीस बंद पडते. दुसरी जागा म्हणजे धातूला धातू भिडण्याचे सांधे. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, वीजपुरवठ्याचा डबा ज्या कडांना टेकतो आणि दोन पत्रे जेथे एकमेकांवर बसतात, तेथे चिकटपट्टी लावून मूळ धातू उघडाच ठेवावा. रंग विजेला अडवितो. आणि पेटीचा प्रत्येक पत्रा भूमीशी जोडलेला असणे हे वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

या सांध्यांचा रेडिओशीही संबंध आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या हौशी गृहस्थाने अल्टेअर संगणकाजवळ एक रेडिओ ठेवला आणि यंत्रातून निसटणाऱ्या लहरींना अशी शिस्त लावली की रेडिओतून चक्क गाण्याची चाल ऐकू आली. सभेतील मंडळींनी टाळ्या वाजविल्या; पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रेडिओत घुसणारी हीच खरखर पुढे तक्रारीचा विषय झाली, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला संगणकांच्या लहरींवर मर्यादा घालणारे नियम करावे लागले. वीणेच्या पेटीचे काम नाद वाढविण्याचे. संगणकाच्या पेटीचे काम नाद कोंडून ठेवण्याचे. सर्व सांध्यांवर रंग चढविलेली देखणी पेटी हे काम विसरते.

रंगाहून धाडसाचे काम म्हणजे पेटीच्या रचनेतच फेरफार करणे. त्यालाही तंजावरची साक्ष आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत, मराठ्यांच्या आधी, वीणेवर चोवीस पडदे मेणात पक्के बसविण्याची पद्धत रूढ झाली असे परंपरा सांगते. म्हणूनच तिला रघुनाथ वीणा असेही म्हणतात. एकाच वीणेवर सर्व राग वाजविता यावेत, ही त्यामागील गरज. बदल टिकला, कारण तो वाजविणाऱ्याच्या अडचणीतून जन्मला होता. पेटीत नवा पंखा बसविण्यासाठी भोक पाडणाऱ्याने हीच कसोटी स्वतःला लावावी. आत हवा खरोखर कोंडत असेल तर भोक पाडणे योग्य. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर १०५ मिलिमीटर असते. ते आधी कागदावर आखून, कागद पत्र्यावर चिकटवून मगच करवत लावावी. कापण्यापूर्वी आतील प्रत्येक भाग बाहेर असला पाहिजे, कारण लोखंडाचा एक बारीक कीस मदरबोर्डवर राहिला तरी विजेची वाट चुकते. कडा कानशीने घासून त्यांवर रबरी पट्टी बसवावी, नाहीतर तारांचे वेष्टन आणि माणसाची बोटे दोन्ही कापली जातात. वीजपुरवठ्याचा डबा मात्र रंगासाठीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात मारक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे एक उत्तर व्यवहाराचेच आहे. संगणकाचे अंतरंग काही वर्षांत जुने होते. पण १९९५ च्या त्या प्रमाणाप्रमाणे केलेली पोलादी पेटी अनेक यंत्रांचे संसार पाहू शकते. भंगारात जाणाऱ्या विद्युत वस्तूंचा प्रश्न एवढा वाढला की आपल्या देशात २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम करावे लागले आणि २०२२ मध्ये ते नव्याने बांधावे लागले. घासून, रंगवून पुन्हा उभी केलेली प्रत्येक पेटी त्या ढिगात पडायची वाचते.

दुसरे उत्तर मनाचे आहे. तयार मालाच्या या युगात माणूस वस्तूंचा मालक झाला, पण त्यांचा जाणता राहिला नाही. पेटी उघडणाऱ्याला वारा कोठून येतो, वीज कोठे जाते, धातूवर रंग का बसतो आणि का सुटतो हे समजते. आणि जे समजले त्याची निगा राखली जाते. तंजावरच्या कारागिरांनीही काळाबरोबर फणसाच्या फळीऐवजी प्लायवूड घेतले, वनस्पतींच्या रंगांऐवजी कारखान्याचे रंग घेतले. तरी जमीन घोटण्याचा कंटाळा ज्यांनी केला नाही, त्यांचीच चित्रे टिकली. सुटीच्या सकाळी ओसरीत बसून पत्रा घासणाऱ्या मुलाला घरच्यांनी हटकू नये. अस्तर पुरते वाळले का आणि जाळी मोकळी ठेवली का, एवढे दोन प्रश्न मात्र त्याला अवश्य विचारावेत.