ओट्सची नानकटाई

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी बिस्किटांविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसानं आकाशवाणीवर येऊन बिस्किटांची कृती सांगावी, याचं काहींना नवल वाटेल. पण या बिस्किटांत माझी एक चूक मिसळलेली आहे आणि तीच चूक बऱ्याच घरांतून होताना मी पाहतो. म्हणून बोलतो.

माझं बालपण मिरजेचं. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी ओव्हन नव्हता. रमजान ईद आठ-दहा दिवसांवर आली की अम्मी मैदा, रवा, थोडं बेसन, पिठीसाखर, वेलची-जायफळाची पुडी आणि डालडा असं सामान बांधून द्यायची. ते घेऊन पुढं माझी थोरली बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, आणि मागं पत्र्याचा रिकामा डबा वाजवत मी, असे आम्ही बेकरीच्या भट्टीवर जायचो. तिथं बायकांची ही गर्दी! भट्टीवाले चाचा प्रत्येकीचं सामान परातीत ओतून घ्यायचे, तूप आणि साखर तळव्यानं पांढरी होईपर्यंत फेसायचे, मग पीठ मिसळून लिंबाएवढे गोळे काळ्या पत्र्यांवर मांडायचे. कुणाचे पत्रे कुठले हे कळावं म्हणून कडेला नावाची चिठ्ठी.

भट्टी लाकडावरची. पहाटे तिच्यात पाव भाजले जात. नानकटाईला तेवढी धग चालत नाही; वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून पाव निघाल्यावर, भट्टी जरा निवली की उतरत्या आचेत नानकटाईचे पत्रे आत जात. आपा सांगायची, 'घाई करणाऱ्याची नानकटाई काळी.' हे तिचं वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं, पण उशिरा.

नानकटाईतला 'नान' म्हणजे फारसीत रोटी. हा पदार्थ सुरतेत डच लोकांच्या बेकरीतून सुरू झाला आणि डच निघून गेल्यावर तिथल्या पारशी कारागिरानं तो पुढं चालवला, असं सांगतात. म्हणजे युरोपातल्या बिस्किटाची रीत, फारसी नाव, गुजरातेतली भट्टी आणि वेलची-जायफळ आपलं. आमच्या भट्टीवरही असाच मेळ असायचा. दिवाळीच्या आधी त्याच चाचांपुढं जोशीकाकू, पाटीलवहिनी रांगेत बसलेल्या असत. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी मागं सरकते आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच सुमाराला येते. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद एकमेकींना खेटून आल्या. त्या तीन वर्षांत भट्टीवर रांग कुठली आणि गोंधळ कुठला, हे सांगता येत नव्हतं. एकदा तर जोशीकाकूंचा डबा आमच्याकडं आणि आमचा त्यांच्याकडं गेला. दोन्ही घरांनी ते चार दिवसांनी ओळखलं, कारण चव एकच होती!

पुढं काही वर्षांनी ती भट्टी बंद झाली. चाचा थकले, मुलांनी दुसरे उद्योग धरले. लाकडाच्या भट्ट्यांचे दिवसही आता भरत आले आहेत. मुंबईत तर हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी गॅस किंवा विजेसारख्या इंधनाकडं वळावं, असं उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बजावलं. ते योग्यच आहे. त्या धुरानं चाचांचा खोकला कधी थांबला नव्हता, हेही मला आठवतं.

आता माझ्या चुकीकडं येतो. आपाला गेली दहा-बारा वर्षं मधुमेह आहे. ईदच्या दिवशी सगळ्यांच्या वाट्या शिरखुर्म्यानं भरायच्या आणि आपण कोपऱ्यात बसून बिनसाखरेचा चहा प्यायचा, हे तिच्या वाट्याला आलं. ती तक्रार करत नाही. पण तिच्या हातची नानकटाई खाऊन वाढलेल्या आम्हा भावंडांना ते बघवत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पुण्याहून ओट्सचं पाकीट घेऊन आली. म्हणाली, 'अब्बा, याची बिस्किटं करा. पौष्टिक असतात, फुप्पींना चालतील.' मला हुरूप आला. निवृत्त माणसाला काम मिळालं की येतो तसा.

ओट्स म्हणजे एक प्रकारचं धान्य. आपल्याकडं रब्बीत जनावरांच्या चाऱ्यासाठी ते घेतात. स्कॉटलंडमध्ये मात्र त्याची लापशी हे माणसांचं रोजचं खाणं. पाकिटात मिळतात ते सोललेले दाणे वाफवून रुळाखाली चपटे केलेले असतात, आपल्या पोह्यांचे लांबचे भाऊ म्हणा. मी एक वाटी ओट्स, एक वाटी कणीक, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर खायचा सोडा, दालचिनी आणि मूठभर बेदाणे घेतले. कणीक का, तर गव्हाचं पीठ भिजलं की त्याला चिकटपणा येतो आणि गोळा एकसंध राहतो. नुसत्या ओट्सना तो गुण नाही. बिस्किट उचलताच भुगा होतो.

ओव्हन आजही आमच्याकडं नाही. जाड बुडाच्या कुकरमध्ये दोन वाट्या मीठ पसरलं, वर तिवई ठेवली, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढली आणि दहा मिनिटं तापवला. ताटलीत गोळे चपटे करून आत ठेवले. पहिली खेप खालून काळी झाली, कारण गॅस मोठा होता. तेव्हा आपाचं वाक्य आठवलं. दुसरी खेप अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटं ठेवली. काढली तेव्हा मऊ होती. मला वाटलं, कच्चीच राहिली. पण ही बिस्किटं गार झाल्यावर कडक होतात. गरम असताना हात लावायचा नाही, एवढा धीर मात्र हवा.

डबा भरून आपाकडं गेलो आणि मोठ्या तोंडानं सांगितलं, 'आपा, बिनधास्त खा. ओट्सची आहेत. साखर नाही, गूळ आहे.' तिनं वर्षानुवर्षांची भूक असल्यासारखी खाल्ली. एक, दोन, मग मोजायचंच सोडून दिलं. मी समोर बसून आनंदानं बघत होतो. संध्याकाळी भाच्यानं सवयीप्रमाणं बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली. यंत्रावर आकडा आला २८४. घरात शांतता पसरली. आपाच हसली. म्हणाली, 'क्या रे, मैं तो दवा समझके खाई!'

ते हसू मला फार लागलं. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि तो शब्द मी पाकिटावरच्या चित्राकडं बघून दिला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रागावण्याऐवजी हिशेब मांडला. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पोटात जेलीसारखा होतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. दिवसाला तीन ग्रॅम पोटात गेला तर हृदयाला उपयोग होतो, असा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये परवानगी दिली. हे सगळं खरं. पण तीन ग्रॅमसाठी साधारण पाऊणशे ग्रॅम ओट्स लागतात. माझ्या वाटीभर ओट्सची वीस बिस्किटं झाली होती. म्हणजे तो गुण मिळवायचा तर आपानं जवळजवळ अख्खा डबा संपवायला हवा होता आणि त्याबरोबर पाऊण वाटी गूळ आणि अर्धी वाटी तूपही! गूळ साखरेपेक्षा सात्त्विक, ही आपली समजूत. रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. डॉक्टर म्हणाले, 'बहिणीला ओट्स द्यायचे तर ताकातली, मीठ-जिऱ्याची लापशी द्या. बिस्किट हे बिस्किटच. द्यायचंच तर लहान, एकच, आणि जेवणातली अर्धी पोळी कमी करून.'

मला वाटलं, आपा आता ती बिस्किटं विसरेल. पण आठवड्यानं तिचाच निरोप आला, 'पीठ घेऊन ये, मी बघते.' गेलो तर ती परात पुढं घेऊन बसलेली. दालचिनीची पुडी तिनं बाजूला सारली. वेलची कुटली, जायफळ किसलं. गूळ पाऊण वाटीचा पाव वाटीवर आणला, बेदाणे काढून टाकले आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घातलं. तूप आणि गूळ तळव्यानं फेसू लागली. बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत, पण हात तोच. गोळे सुपारीएवढे. कुकरचं झाकण उघडलं तेव्हा घरभर भट्टीवरचा वास आला. तोपर्यंत मला वाटत होतं की तिला गोड खायची इच्छा आहे. तिला खरं तर हात घालायचा होता. ईदला आम्ही तिच्यापुढं ताट सरकवायचो किंवा लपवायचो, पण परात कुणी दिली नव्हती.

तेव्हापासून दर महिन्याला एक खेप होते. चहाबरोबर तिचं एकच, सुपारीएवढं. भाचा मोजून देतो आणि रात्री अर्धी पोळी कमी वाढतो. उरलेली आम्ही खातो.

तर श्रोतेहो, तुमच्या घरी मधुमेहाचं माणूस असेल तर 'हे पौष्टिक आहे, खा' असं म्हणण्याआधी वाटीत गूळ-साखर किती पडली ते मोजा, डॉक्टरांना विचारा. आणि एखाद्या दिवशी परात त्यांच्यापुढं ठेवून बघा.

गेल्या दिवाळीत आपानं एक डबा जोशीकाकूंकडं पाठवला. काकू आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांनाही मधुमेहच. डबा परत आला तो रिकामा नव्हता. आत भाजक्या पोह्यांचा चिवडा होता आणि सुनेनं लिहिलेली चिठ्ठी: 'सासूबाईंनी एकच खाल्लं. म्हणाल्या, हा भट्टीवरचाच वास, डबा पुन्हा बदलला की काय?'