घर आपले, हमी कोणाची?

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. घर बांधल्यावाचून त्यातील अडचणी समजत नाहीत, असा तिचा अर्थ. परंतु आयुष्यात घर बहुधा एकदाच बांधले जाते. अडचणी समजतात तोवर पुंजी संपलेली असते आणि मिळालेले शहाणपण दुसऱ्याच्याच उपयोगी पडते. हे शहाणपण कामास प्रारंभ होण्यापूर्वीच हाती असावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांच्या रकमेतून त्यांनी तालुक्याच्या गावी स्वतःच्या भूखंडावर घर बांधण्याचे ठरविले. ठेकेदार भावकीतलाच होता. सामानासह २४ लाख रुपयांत काम ठरले. 'कागद करू या का?' असे गुरुजींनी एकदा विचारले. 'गुरुजी, आपल्या माणसावर भरवसा नाही का?' असे उत्तर आले आणि विषय तेथेच मिटला. वास्तुशांतीच्या दिवशी शेवटचा हप्ताही चुकता झाला. दुसऱ्या पावसाळ्यात छताला ओल आली. पुढील उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली. ठेकेदार म्हणाला, 'ओल कोणत्या घरात येत नाही? आणि भेग काही माझ्यामुळे नाही, जमिनीमुळे आली.' गुरुजींपाशी दाखविण्यासारखे काहीच नव्हते. दुरुस्तीचा खर्च अंगावर पडला तो पडलाच, शिवाय भावकीतील बोलणेही बंद झाले.

हे गुरुजी काल्पनिक असले, तरी त्यांचे घर प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेले असेल. यास्तव पहिला प्रश्न असा की, नव्या घराची हमी कायदा देतो की ती मागून घ्यावी लागते?

याबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या अधिनियमान्वये, ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला दोष दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ ने हे संरक्षण पाच वर्षांचे केले. संरचनेतील दोष असो वा कारागिरी, दर्जा किंवा सेवासुविधा यांतील असो, तो पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तसे न केल्यास खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो.

तथापि हे संरक्षण विक्रीसाठी बांधलेल्या घरांपुरते आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःच्या पसंतीच्या नकाशाप्रमाणे घर बांधून घेणारा मनुष्य त्या अर्थाने खरेदीदार नव्हे, आणि त्याचा ठेकेदारही प्रवर्तक ठरत नाही. सदनिकाधारकाला मिळणारी पाच वर्षांची हमी गुरुजींच्या घराला आपोआप लागू होत नाही. तेथे हमी किती आणि कशाची, हे उभयतांच्या करारावरच अवलंबून राहते.

याचा अर्थ असा घरमालक निराधार आहे असा नाही. १९९३ च्या दुरुस्तीने ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या संज्ञेत गृहबांधणीचा समावेश झाला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घरबांधणी ही सेवाच होय असे स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होऊ शकते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यासच ती शिथिल होऊ शकते.

परंतु आयोगापुढे गेल्यावर पहिली पृच्छा होते ती, काय ठरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, याची. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण तो सिद्ध करण्याची आहे. म्हणून या विषयातील सर्व मार्ग अखेर कागदापाशी येऊन थांबतात.

आता कागदावर काय असावे, याचा विचार करू. 'एक वर्षाची गॅरंटी' एवढे तीन शब्द पुरेसे नाहीत, कारण घरातील सर्व दोष एकाच वेळी प्रकट होत नाहीत. या बाबतीत फ्रान्समधील १९७८ चा कायदा उद्बोधक आहे. त्याने हमीच्या तीन पायऱ्या केल्या. काम स्वीकारताना किंवा पुढील एका वर्षात निदर्शनास आणलेल्या सर्व उणिवांसाठी एक वर्ष, वेगळी काढता येणारी साधनसामग्री नीट चालावी यासाठी किमान दोन वर्षे, आणि इमारतीच्या मजबुतीस बाध आणणाऱ्या किंवा घर राहण्यास अयोग्य करणाऱ्या दोषांसाठी दहा वर्षे. ही दहा वर्षांची जबाबदारी विम्याने संरक्षित करणेही तेथे बंधनकारक आहे. आपल्याकडे स्वतंत्र घरासाठी असा कायदा नसला, तरी करारात अशा पायऱ्या घालण्यास कोणाचीच आडकाठी नाही. दारे, खिडक्या, नळ, वीजजोडणी व गिलावा यांसाठी एक वर्ष, गळती व ओल यांसाठी किमान तीन पावसाळे, आणि पाया, कॉलम, बीम व स्लॅब यांसाठी निदान पाच वर्षे मागणे वाजवी ठरेल.

पावसाळे मोजण्याचे कारण स्पष्ट आहे. दिवाळीत ताबा दिलेल्या घराला एक वर्षाची हमी असेल, तर तिच्यात एकच पावसाळा येतो. महाराष्ट्राच्या पठारी भागात काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया या मातीच्या वरच्या, हलणाऱ्या थरातच राहिला, तर भिंतीवरील तिरपी भेग दोन-तीन ऋतुचक्रांनंतर दिसू लागते. भेग जमिनीमुळे आली, हे ठेकेदाराचे म्हणणे अशा वेळी अर्धेच खरे असते. जमीन कशी आहे हे पाहून पाया योजणे हा कामाचाच भाग होय. म्हणूनच मातीची तपासणी कोणी करावयाची आणि पायाचा आराखडा कोणत्या अभियंत्याचा, हे करारात नमूद असले पाहिजे.

कोकणात प्रश्न वेगळा आहे. खारी हवा सळईला गंज चढविते, आणि गंजलेली सळई फुगून वरचे काँक्रीट फोडते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे मध्यम परिस्थितीत सळईवर ३० मिलिमीटर, तर सागरी हवेला उघड्या असलेल्या भागात ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण अपेक्षित आहे. स्लॅब ओतल्यावर हे आवरण डोळ्यांना दिसत नाही. ते ओतण्यापूर्वीच मोजावे लागते.

तीच गोष्ट पाणी मारण्याची. याच मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, आणि मिश्र सिमेंट वापरल्यास किंवा हवा उष्ण व कोरडी असल्यास किमान १० दिवस ओलावा राखला पाहिजे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू निदान ७ दिवस, व त्याहून मोठ्या गाळ्याचे निदान १४ दिवस काढू नयेत, असे मानक सांगते. पाणी कोणी मारावयाचे हे मात्र पुष्कळदा ठरलेलेच नसते. ठेकेदार समजतो की ते मालकाचे काम, आणि मालक समजतो की ते ठेकेदाराचे. पुढे स्लॅब गळू लागला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. करारातील एक ओळ हा वाद टाळू शकते.

ठेका कोणत्या प्रकारचा आहे, यावरही हमी अवलंबून असते. सामानासह ठेका असेल, तर सामान व कारागिरी या दोहोंची जबाबदारी एकाच माणसावर राहते. केवळ मजुरीचा ठेका असेल, तर ती दुभंगते. गवंडी सिमेंटला दोष देतो आणि दुकानदार गवंड्याला. अशा वेळी मालकाने सिमेंट, सळई, वाळू यांची पक्की बिले स्वतःच्या नावे घेऊन जपावीत. पंप, पाण्याची टाकी, गळतीरोधक रसायने यांची उत्पादकाने दिलेली हमीपत्रे ताबा घेतानाच मागून घ्यावीत. ती ठेकेदाराच्या पेटीत राहून गेली, तर असून नसल्यासारखीच.

करारपत्र योग्य मूल्याच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमक्ष व्हावे. त्यासोबत मंजूर नकाशा, संरचनेचा आराखडा आणि सामानाचा तपशील जोडावा. काम चालू असताना झालेला प्रत्येक बदल व त्याचा खर्च एका वहीत लिहून उभयतांनी सही करावी. दोष कळविल्यावर किती दिवसांत पाहणी आणि किती दिवसांत दुरुस्ती, हेही लिहावे. मतभेद झाल्यास कोणत्या तटस्थ अभियंत्याचे मत मानावयाचे, ते आधीच ठरवावे, कारण भांडण सुरू झाल्यावर तटस्थ माणूस सापडणे कठीण असते.

या सर्वांत परिणामकारक कलम म्हणजे राखीव रकमेचे. सार्वजनिक कामांतील 'दोष दायित्व कालावधी' आणि ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम या गोष्टी पंचायत सदस्यांना नवीन नाहीत. समाजमंदिरासाठी जी दक्षता आपण घेतो, ती स्वतःच्या घरासाठी का घेऊ नये? २४ लाखांच्या कामात पाच टक्के म्हणजे १ लाख २० हजार रुपये होतात. त्यांतील निम्मे पहिल्या पावसाळ्यानंतर आणि उरलेले तिसऱ्या पावसाळ्यानंतर द्यावयाचे, असे प्रारंभीच ठरले, तर ओल दिसताच ठेकेदाराचा माणूस बोलावण्याची वाट पाहत नाही.

हमी ही एकतर्फी गोष्ट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मालकाने परस्पर वरचा मजला चढविला, कॉलमला छिद्रे पाडली, गच्चीच्या पन्हळी तुंबू दिल्या, तर त्याचा दोष ठेकेदारावर टाकता येणार नाही. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक भेगा बहुधा आकसण्याच्या असतात. त्या धोक्याच्या मानण्याचे कारण नाही. परंतु रुंदावत जाणारी, भिंतीच्या आरपार गेलेली किंवा बीम-कॉलमवर उमटलेली भेग अभियंत्यास दाखविण्यात विलंब करू नये.

दोष आढळल्यास क्रम असा असावा. प्रथम तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. मग ठेकेदारास लेखी कळवावे, आणि ते पत्र पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. दुरुस्तीची वाजवी संधी द्यावी. त्याने ती नाकारल्यास अर्हताप्राप्त अभियंत्याचा पाहणी अहवाल घ्यावा. घाईने तोडफोड करून दुसऱ्याकडून दुरुस्ती करवू नये, कारण त्यात पुरावाच नाहीसा होतो. त्यानंतर नोटीस, आणि अखेरीस जिल्हा आयोग. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात लाभार्थ्याने घर स्वतः बांधावयाचे असते, त्यात ठेकेदार नेमावयाचा नसतो. तेथे हमी मागण्यासारखा दुसरा पक्षच नसल्याने, गवंडी निवडणे आणि पाया व स्लॅब यांच्या वेळी जाणकाराकडून पाहणी करून घेणे हीच लाभार्थ्याची हमी होय. अशा कुटुंबांना हे वेळीच सांगणारा कोणी तरी गावात असला पाहिजे.

बंधुभगिनींनो, आपण सर्वजण गावात चार लोकांनी सल्ला विचारावा अशा जागी आहात. ग्रामपंचायत कार्यालयात घरबांधणीच्या कराराचा एक नमुना ठेवणे, ग्रामसभेत तो एकदा वाचून दाखविणे, शाळेतील वरच्या वर्गांना बिल आणि हमीपत्र वाचावयास शिकविणे, यास वेगळ्या अनुदानाची गरज नाही. सर्वांत अवघड आहे तो मनातील संकोच. जवळच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपणच दूर करावयाची आहे. गुरुजींनी त्या दिवशी कागद केला असता, तर ठेकेदाराची जबाबदारी कोठवर आहे हे त्यालाही कळले असते आणि गुरुजींनाही. ओल आल्यावर दोघांनी मिळून करार उघडून पाहिला असता, आणि पुढील दिवाळीस एकमेकांच्या घरी फराळालाही गेले असते.