पाण्याचा रंग आणि पाण्याची शुद्धि



लोखंडी कढईंत हिरड्याचा काढा उकळला तर तो काळा पडतो, हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांस ठाऊक असतें; म्हणून काढ्यासाठीं त्या कल्हईचें पातेलें किंवा मातीचें भांडें काढतात. ह्याच काळेपणाचा उपयोग करून हिरडा व हिराकस ह्यांची शाई करीत असत. हिरड्यांतील आम्लें व लोखंड ह्यांची ही जी परस्परांकडे ओढ आहे, तिच्यांतूनच आजच्या माझ्या विषयाचा धागा निघतो. वनस्पतींतील तुरट द्रव्यें पाण्यांत उतरलीं म्हणजे त्यांचें पुढें काय होतें, आणि तीं पाण्यांतून घालवूं म्हटलें तर तीं खरोखर जातात कीं केवळ दिसेनाशीं होतात, हा तो विषय होय.

हिरडा, बाभळीची साल, खैराचा कात, चहाची पत्ती, डाळिंबाची साल, ह्या सर्वांचा तुरटपणा एकाच घराण्याचा. रसायनशास्त्रांत त्यास फिनॉलवर्ग म्हणतात. सहा कर्ब-अणूंचें एक कडें, आणि त्या कड्यास बाहेरून चिकटलेली प्राणवायूच्या व हायड्रोजनच्या एकेका अणूची जोडी, ही ह्या घराण्याची खूण. साध्या फिनॉलला अशी एकच जोडी असते. हिरड्यांतील गॅलिक आम्लाला तीन असतात. कीड व बुरशी ह्यांपासून झाडाचा बचाव ह्या द्रव्यांमुळें होतो. आणि म्हणूनच, पाण्यांतील घाण खाऊन तें स्वच्छ करणाऱ्या सूक्ष्म जंतूंनाहि तीं पचावयास जड जातात. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत महादेव कोळी मंडळी जो हिरडा वेंचतात, तो हिरडा जसा औषधांत जातो तसा कातडीं कमावण्याच्या कामींहि पडतो. कमावणीच्या कुंडांतून सुटलेलें तपकिरी पाणी ज्या ओढ्यास मिळतें, त्या ओढ्याकांठीं हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

आतां दुसऱ्या पात्राची ओळख करून घेऊं. अणूंमधील विद्युत्कण, ज्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात, ते बहुधा जोडीजोडीनें राहतात. एखाद्या तुकड्यांत एक इलेक्ट्रॉन एकटा पडला म्हणजे त्या तुकड्यास मुक्त मूलक म्हणतात. पाण्याच्या रेणूंतून हायड्रोजनचा एक अणु काढून घेतला तर मागें जें उरतें, तो हायड्रॉक्सिल मूलक. त्यास आपला गेलेला अणु परत हवा असतो, आणि तो कोणाहि सेंद्रिय पदार्थाकडून ओरबाडून घेण्याची त्याची तयारी असते. नदीच्या पाण्यांत ऊन पडून तेथील नायट्रेटपासून तो अत्यल्प प्रमाणांत सदैव उत्पन्न होत असतो व एका सेकंदाच्या काहीं लक्षांशांतच खर्ची पडतो.

हा मूलक बाटलींत मुद्दाम तयार करण्याची कृति हेन्री फेन्टन ह्यांच्या नांवानें ओळखिली जाते. केंब्रिज येथें विद्यार्थी असतांना, १८७६ सालीं, चिंचेला आंबट करणारें जें टार्टारिक आम्ल त्यांत लोहाचें लवण व हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास जांभळा रंग उमटतो, हें त्यांनीं प्रसिद्ध केलें. सविस्तर निबंध १८९४ सालीं आला. आंत काय घडतें ह्याचा उलगडा मात्र त्यांस झालेला नव्हता. त्या प्रकरणांत हायड्रॉक्सिलचें नांव घेतलें तें फ्रिट्झ हाबर व जोसेफ वाइस ह्यांनीं, १९३४ सालीं. हिराकसांतील लोखंड पेरॉक्साइडच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतें. रेणु दुभंगतो, आणि त्याच्या एका अर्ध्यांतून हा मूलक बाहेर पडतो.

तो फिनॉलच्या कड्याजवळ आला कीं भेट फुकट जात नाहीं, इतका त्याचा वेग. बहुतेक वेळां तो कड्यालाच जाऊन चिकटतो. येथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनें पाण्याचा एक रेणु सुटून जातो व फिनॉल स्वतःच मूलक बनतो. असे दोन मूलक भेटले म्हणजे जुळतात, त्यांस आणखी येऊन मिळतात, आणि गडद तपकिरी मोठाले रेणु तयार होतात. दुसऱ्या वाटेनें पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मध्यें पडतो व कड्यावर आणखी एक जोडी बसते. अशा दोन जोड्यांचे हायड्रोजन निघून गेले म्हणजे क्विनोन नांवाचीं पिवळीं-तांबडीं द्रव्यें होतात. ह्याच्याहि पुढें मारा चालू राहिला तर मग कडें फुटतें, त्याचीं लहान लहान आम्लें होतात, आणि शेवटीं कर्बद्विप्राणिल वायु व पाणी उरतें. ऑक्झॅलिक आम्ल तेवढें चिवट. तें लोखंडाला मिठी मारून बराच काळ बसतें.

ह्या सर्वांत गॅलिक आम्लाचें वर्तन मोठें विचित्र आहे. इलेक्ट्रॉन देऊन थकलेल्या लोखंडाला तें स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला उभें करतें. घर फोडणाऱ्याच्या हातीं घरधन्यानेंच पहार द्यावी तसा हा प्रकार! लांकूड भुरें करून ठिसूळ करणाऱ्या कांहीं बुरशा ह्याच युक्तीनें लांकूड पोखरतात, आणि हिराकस जास्त पडलेली शाई कागदाला कालांतरानें भोंकें पाडते त्यालाहि, शाईंतील आम्लाबरोबर, हेंच कारण आहे. काजळाची शाई ह्या भानगडींत पडत नाहीं.

आतां मुद्द्याची गोष्ट. साध्या फिनॉलचें पाणी मुळांत रंगहीन असतें. त्यावर फेन्टनची क्रिया सुरू केली कीं तें प्रथम दाट तपकिरी होतें व नंतर निवळतें. निवळलेलें पाहून पाहणारा म्हणतो, झालें काम! परंतु त्या वेळीं आंत छोटीं आम्लें शिल्लक असतात, आणि औषध अपुरें पडलें असेल तर क्विनोनाचाहि अंश असूं शकतो. बेन्झोक्विनोन हें मूळच्या फिनॉलहून कितीतरी पटींनीं अधिक विषारी आहे. म्हणजे क्रिया अर्ध्यांत थांबविली तर पाणी पूर्वीपेक्षां वाईट होण्याचा संभव असतो. अशा अर्धवट कामापेक्षां कामच न केलेलें बरें, असें माझें मत आहे.

पुरतें काम करावयास किती खर्च पडेल? फळा जवळ नसतां सूत्रें सांगणें माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या शाळामास्तरास अवघड. म्हणून नुसता हिशेब सांगतों. गॅलिक आम्लाच्या एका रेणूची पुरती राख होण्यास पेरॉक्साइडचे १२ रेणु लागतात. वजनांत म्हटलें तर १ ग्रॅम आम्लास सुमारें २.४ ग्रॅम निर्भेळ पेरॉक्साइड. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षांत कांहीं पेरॉक्साइड आपोआप फुकट जातें. शिवाय ज्या विहिरीच्या पाण्यांत चुन्याचें बायकार्बोनेट पुष्कळ असतें, जें उकळतांना भांड्यास पांढरा थर धरतें, तें बायकार्बोनेट मूलकाला मध्येंच अडवून स्वतः मूलक बनतें. हा नवा मूलक संथ व निवडक. फिनॉल तो धरतो, पण इतर पुष्कळ द्रव्यांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. म्हणून ही क्रिया आंबट पाण्यांत, सामू ३ च्या आसपास, करतात. तेथें बायकार्बोनेट टिकत नाहीं व लोखंडहि विरघळलेलें राहतें.

पाणी खरोखर शुद्ध झालें कीं नाहीं, हें त्यांतील सेंद्रिय कर्ब किती उरला तें मोजून ठरतें. प्राणवायूची मागणी मोजण्याची जी नेहमींची परीक्षा आहे तिच्यांत शिल्लक पेरॉक्साइड ढवळाढवळ करतें व आंकडा फुगवतें. तेव्हां तें आधीं नाहींसें करावें लागतें. आणखी एक प्रश्न कारखानदारास विचारण्याजोगा आहे. काम संपल्यावर चुना घालून पाणी मूळपदावर आणतात, तेव्हां लोखंडाचा तांबूस गाळ तळाशीं बसतो, आणि हिरड्याच्या रंगाचा कांहीं भाग न जळतां त्या गाळाबरोबरच खालीं गेलेला असतो. वरचें पाणी नितळ दिसतें. तो गाळ उचलून कोठें टाकला, पावसाळ्यांत तो धुऊन त्याच ओढ्यांत उतरतो काय, हें मात्र कांठावर राहणारांनींच जाऊन पाहिलें पाहिजे.