उद्योगमासिकाला वास हवा



पत्रिकेत विषय छापलाय ‘नवे उद्योगमासिक काढताना’. कागदाचा भाव, वर्गणी, टपालखर्च, सगळ्यावर बोलणार आहे. पण आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. उद्योगमासिक उघडलं की कारखान्याचा वास आला पाहिजे. आपल्याकडे येतो हारतुऱ्यांचा! शाल, श्रीफळ, ‘शून्यातून विश्व’, आणि शेजारच्या पानावर त्याच साहेबांची जाहिरात. (हशा) पहिल्या रांगेनं राग मानू नये. रोख कुणा एकावर नाही.

किर्लोस्करवाडीहून 1920 साली निघालेली शंकररावांची ‘किर्लोस्कर खबर’ आणि पुढचा सगळा इतिहास या सभागृहाला पाठ आहे. तो सोडतो. थेट न्यूयॉर्क.

ऑक्टोबर 1929. शेअर बाजार कोसळलेला, आणि ‘टाइम’वाले हेन्री ल्यूस उद्योगावरचं मासिक काढायच्या तयारीत. मंदी फार तर वर्षभर टिकेल असा हिशेब धरून त्यांनी फेब्रुवारी 1930 मध्ये ‘फॉर्च्युन’ काढलंच. हिशेब साफ चुकला, मासिक टिकलं. किंमत एक डॉलर! ‘टाइम’ तेव्हा 15 सेंटला मिळायचा.

आता एवढ्या महागड्या, जाड कागदाच्या अंकात आधी काय छापावं? एखाद्या धनाढ्याचं चरित्र? छापली डुकरं. शिकागोतल्या स्विफ्ट कंपनीचा कत्तलखाना. फोटो काढायला मार्गारेट बर्क-व्हाइट, वय 25. सोबत संपादक पार्कर लॉइड-स्मिथ. रांगेनं टांगलेली धडं झाली, पुढं एका कोठारात पिवळट भुकटीचे डोंगर. डुकराचं जे जे उरतं ते दळून गुरांच्या खाद्यात मिसळायचं, ती ही भुकटी. दुर्गंधी अशी की संपादक गाडीत जाऊन काचा लावून बसले. बाई मात्र कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली, एकेका फोटोला बराच वेळ लावत उभ्या. काम झाल्यावर ते कापड आणि दिव्यांच्या वायरी तिथंच जाळायला सोडून आल्या. काही वाया न घालवता धंदा कसा चालतो, हे त्या ढिगाऱ्यानं दाखवलं. कुठल्या सत्कारमूर्तीच्या मुलाखतीत हे सापडेल?

(चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? अहो, आत्ता कुठं डुकरं संपली! (हशा)

बरं, भराभर सांगतो. लिहायला ल्यूस यांनी आर्चिबाल्ड मॅक्लीशसारखे कवी नेमले. त्यांचं मत असं की कवीला ताळेबंद शिकवता येतो, हिशेबनीसाला लिहायला शिकवणं कठीण. इथं सीए मंडळी बसलीत, म्हणून पुढं बोलत नाही.

मागून विचारताहेत, ‘असं छापलं तर जाहिराती कोण देणार?’ रास्त आहे. पहिला अंक निघाला तेव्हा ‘फॉर्च्युन’कडे सुमारे 30,000 वर्गणीदार होते. आधी ते जमवा, मग जाहिरातवाला तुमच्या जिन्यात बसतो.

कागदाचा भाव राहिलाच. तो कार्यवाहांना विचारा. त्यांचा छापखाना आहे आणि ते आता उभेही राहिलेत.