मधुमेह : पथ्य फळांचे की प्रमाणाचे?



मधुमेहाचे निदान झाले की घरात पहिली गदा येते ती फळांवर. आंबा वर्ज्य, केळे वर्ज्य, चिकूचे तर नावही काढायचे नाही. मात्र त्याच घरात भाताची दुसरी वाढ बिनबोभाट होते आणि दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपतो. पथ्य पाळल्याचे समाधान मिळते; साखर मात्र उतरत नाही.

हा व्याधी भारताला नवा नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक. नवा आहे तो त्याचा विस्तार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच ताटात काय वाढावे, हा प्रश्न आता घरोघरीचा झाला आहे.

फळात साखर असते हे खरे. पण तिच्यासोबत पाणी, जीवनसत्त्वे आणि तंतुमय चोथाही असतो. या चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. रस काढून गाळला की चोथा जातो आणि तीन-चार संत्र्यांची साखर एका पेल्यात, एका दमात पोटात जाते. अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या आहाराचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. अखंड फळे, विशेषतः सफरचंद व द्राक्षे, खाणाऱ्यांत मधुमेह कमी, तर फळांचा रस नित्य पिणाऱ्यांत अधिक आढळला.

तेव्हा फळ चावून खावे आणि मोजून खावे. एक लहान सफरचंद, एक मध्यम पेरू किंवा अर्धे केळे ही एका वेळची साधारण मात्रा. आंब्याचा खरा दोष आमरस-पुरीच्या बेतात आहे. वाट्यांवर वाट्या रस, त्यात वरून साखर, सोबतीला पुऱ्या आणि शेवटी भात! त्याऐवजी आंब्याच्या चार फोडी घ्याव्यात आणि त्या जेवणातील एक पोळी कमी करावी. साखर आटोक्यात असलेल्या बहुतेकांना एवढे झेपते.

भाज्यांच्या बाबतीत हात सैल सोडता येतो. मेथी, चाकवत, दोडका, पडवळ, गवार, काकडीची कोशिंबीर यांनी अर्धे ताट भरावे. पोट भरते आणि धान्य आपोआप कमी होते. बटाटा, रताळे व सुरण यांची गणना मात्र धान्यासोबत करावी. भात, पोळी आणि बटाट्याची भाजी म्हणजे पिष्टाचे तीन वाटे. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीत बटाटाच पडतो. इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्याने वैद्यांना विचारल्याविना उपवास धरू नये.

दुसऱ्या टोकाचा भ्रम म्हणजे कडू रस. कारल्याची भाजी आनंदाने खावी. पण तिच्या रसावर विसंबून औषध सोडणे म्हणजे डोळे, मूत्रपिंडे व पाय पणाला लावणे होय. दुधीचा रस कडू लागला तर तो तत्काळ फेकून द्यावा. असा रस विषारी ठरून मृत्यू ओढवल्याची नोंद असून, परिषदेच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली त्याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. मूत्रपिंडे दुबळी झालेल्यांनी केळी, शहाळ्याचे पाणी, पालेभाज्या यांचे प्रमाण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. त्यांतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. आणि साखर एकाएकी उतरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तर मात्र अर्धा पेला गोड रसच उपयोगी पडतो. कारण तो झटपट रक्तात उतरतो.

शेवटी, प्रत्येकाची प्रकृती निराळी. घरी रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र असेल तर जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत टिपावी. कोणते फळ किती मानवते, याचा निर्णय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा त्या वहीने आणि वैद्यांनी करावा.