अंडी फोडणारी कोंबडी

खुराड्यात अंड्याऐवजी ओला भुसा आणि टरफलाचे तुकडे दिसले, की पहिला संशय मुंगसावर जातो. पण कोंबडीच्या चोचीला बलक चिकटलेला दिसला, तर चोर घरातलाच!

सुरुवात बहुधा अपघातानं होते. पातळ कवचाचं अंडं फुटतं, कोंबडी चव घेते, मग मुद्दाम फोडू लागते. तिचं बघून बाकीच्याही शिकतात. मुळात कवच पातळ का होतं? कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. नुसत्या तांदळाच्या कण्यांतून ते कुठून येणार? शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवा, हवी तेवढी ती स्वतःच खाते. कोकणात तर तिसऱ्यांची टरफलं उकिरड्यावर पडलेली असतात. घरच्या अंड्यांची टरफलं घालायची तर वाळवून, बारीक कुटूनच. अर्धं टरफल तसंच टाकलं, तर हा धडा आपणच दिला म्हणायचा.

अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागं एक खोकं ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाशी जाड भुसा. बहुतेक अंडी सकाळीच मिळतात. दहाच्या सुमारास एकदा आणि दुपारी पुन्हा गोळा करा. सवय मुरलेली कोंबडी वेगळी ठेवा. तिच्या खोक्याला मागं थोडा उतार दिला, की अंडं घरंगळून चोचीपलीकडं जातं.